धोंडाईची घोंगडी

या अंजनीच्या झाडाच्या बेचक्यात पांढऱ्या धाग्यांचा गुंता लोंबतोय ना, ती आमरी. हे धागे म्हणजे तिची मुळं; मातीत नाहीत, झाडाचा रसही ती पीत नाही. नुसती हवेत लोंबते. आम्ही तिला धोंडाईची घोंगडी म्हणतो. टेका जरा, इथं टेकल्याशिवाय कुणी वर जात नाही.

धोंडाई वरच्या धनगरवाड्यातली. खालच्या झऱ्यावरून पाणी आणावं, ते संपलं की पुन्हा उतरावं, यातच तिचा जन्म गेला म्हणे. कुठं टेकली की हाक यायचीच, "ऊठ गं, बसलीस काय!" हाडांची काडं झाली, पण खेपा सुटल्या नाहीत.

एका वैशाखात तिची लेक बायजा बाळंतपणाला आली अन् अडली. घशाला कोरड पडलेली, घरात पाण्याचा थेंब नाही. धोंडाई झऱ्यावर धावली. बाळंतिणीचं पाणी वाटेत भुईला टेकवायचं नाही, ही वाड्याची रीत. अर्ध्या चढावर तिला थांबावंच लागलं. आता कळशी ठेवायची कुठं? तिनं ती या बेचक्यात ठेवली अन् हात सोडला. कळशी कलंडली. सगळं पाणी तापल्या मातीनं पिऊन टाकलं.

धोंडाई मटकन खाली बसली. पुन्हा उतरायचं त्राण नव्हतं. खांद्यावरची घोंगडी डोक्यावरून ओढून रडली अन् म्हणाली, "बिरोबा, आता तूच बघ रे बाबा. माझं संपलं."

तेव्हा दरीतून धुकं वर आलं, असं सांगतात. लोकरीच्या केसाकेसानं थेंब धरला, थेंबाला थेंब मिळाला, पाणी धाग्यांवरून सरकत आत मुरलं. घोंगडीचा मानेला भार झाला, तेव्हा कुठं तिला उमगलं. तशीच उठली, वर गेली अन् लेकीच्या तोंडात घोंगडीचा कोपरा पिळला. बायजाला हुशारी आली, ती सुखरूप सुटली. मुलगी झाली.

लगेच बायका म्हणाल्या, "धोंडाई, ऊठ, आंघोळीला पाणी लागेल." काय म्हणावं या माणसांना! ती निघाली खरी, पण या झाडाखाली बसली ती पुन्हा उठलीच नाही. तिथंच तिचा जीव गेला. वर बेचक्यात तिची घोंगडी टाकलेली होती. पुढल्या पावसाळ्यात तिथं ही आमरी फुटली म्हणे.

आजही उन्हात हे धागे पांढरेफटक असतात, अन् धुकं आलं की अंगभर पाणी पिऊन हिरवे होतात. पाणी नेणाऱ्या बायका जाता-येता ओला पदर त्यांच्यावर पिळतात. अन् या झाडाखाली कुणीही बसलं, तरी त्याला 'ऊठ' म्हणायचं नाही, अशी वाड्याची रीत आहे. ज्याचं त्यानं उठायचं. तुम्हीही बसा.