ठकूबाईचा खांदा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षं, ते विचारू नका. सांगणाऱ्याला माहीत नाही आणि ऐकणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. उंबरदऱ्याच्या घाटात तेव्हा मोटार सोडाच, बैलगाडीचं चाकसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. माथ्यावर गवळी धनगरांची वाडी होती. तिथून उतरत गेलं की आधी आडवाडी लागे, मग कातळगाव, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे साळवणं. साळवण्यात सरकारी दवाखाना होता. गवताचं छप्पर, दोन खाटा आणि एक डॉक्टर. पण माथ्यावरचं माणूस तिथवर जिवंत पोचलं, असं फारसं कधी घडत नसे.

माथ्यावरच्या वाडीत ठकूबाई राहायची. अंगानं दणकट आणि जिभेनं त्याहून दणकट. दुधाची भरलेली कासंडी डोक्यावर घेऊन ती घाट उतरायची, वाटेत कुणी वावगं बोललं तर थांबून त्याचा चांगला समाचार घ्यायची, आणि तरी कासंडीतलं दूध हिंदकळायचं नाही, असं म्हणतात.

त्या मुलखात एक म्हण होती. जित्याला पाठ, मेल्याला खांदा. म्हणजे असं, की आजारी माणसाला खाली न्यायचं तर एका गड्यानं त्याला पाठंगुळीला घ्यायचं. चौघांचा खांदा मिळायचा तो दोघांनाच, एक मेलेल्याला आणि दुसरा देवाला. जित्या माणसाला चौघांनी उचललं तर ते मरणाला बोलावणं धाडल्यासारखं होतं. खांद्यावर गेलेलं माणूस घरी परतत नाही, असं जुनी माणसं सांगायची. आणि त्यात खोटं काही नव्हतं, कारण त्यांनी आजवर खांद्यावर फक्त मेलेलीच माणसं नेली होती.

आता तापानं फणफणलेलं पोर पाठीवर जातं. पाय मोडलेला गडीही बोंबलत का होईना, पण जातो. अडलेली बाई पाठीवर कशी जाणार? म्हणून ती घरातच राहायची आणि जे व्हायचं ते व्हायचं.

ठकूबाईची लेक भागू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती अडली. सुईणीनं हात टेकले, अंगारा झाला, नवस झाले, आणि भागू गेली. ती गेल्यावर मात्र चार खांदे लगेच मिळाले. ठकूबाई दारात उभी होती. तिनं ते खांदे पाहिले. कालही ते याच वाडीत होते आणि कालही ते एवढेच रुंद होते. तिला त्या क्षणी रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग कुणावर काढावा ते तिला कळेना. त्या दिवसापासून ठकूबाई कुणाशी भांडेनाशी झाली. वाडीला तिच्या भांडणापेक्षा तिचं गप्प राहणं जड जाऊ लागलं, असं म्हणतात.

वर्षं गेली. ठकूबाईच्या मुलाचं लग्न झालं, यमना नावाची सून घरात आली. गोड पोर होती. सासू बोलत नाही म्हणून ती दोघींच्या वाटचं बोलायची. तिला दिवस गेले तेव्हा वाडीतल्या साऱ्या बाया हरखल्या. एकटी ठकूबाई मनातून हादरली. ती उठता बसता घाटाच्या वाटेकडे बघू लागली.

आणि ज्याचं भय होतं तेच झालं. श्रावणातली एक सकाळ होती, दाट धुकं पडलं होतं. मुलगा गाईम्हशी घेऊन पल्याडच्या रानात गेला होता. यमनाला कळा सुरू झाल्या, वाढल्या, आणि मूल काही पुढे सरकेना. सुईण बाहेर आली ती मान हलवतच आली. मूल आडवं आहे, म्हणाली, माझ्या हातचं राहिलेलं नाही, खाली न्यायला हवं.

ठकूबाई तशीच उठून बमू कारभाऱ्याकडे गेली. तो तिचा चुलत दीर, वाडीत त्याचा शब्द चालायचा. बमू काही वाईट माणूस नव्हता. त्याची स्वतःची लेक अडली असती तरी तो हेच बोलला असता, इतका तो सरळ होता.

"वैनी," तो म्हणाला, "जित्या माणसाला चौघांचा खांदा न्हाई. तू मागायचं न्हाईस आन् आमी द्यायचं न्हाई."

ठकूबाई भांडली नाही. ती वळली आणि थेट बिरोबाच्या देवळात गेली.

आता त्या देवाचा रिवाज सांगायला हवा. वर्षातून एकदा बिरोबाची पालखी घाट उतरून ओढ्यावर स्नानाला जायची. पुढे ढोल वाजायचा. ढोल ऐकला की खालच्या गावानं हातातलं काम टाकून शिवेवर यायचं, भोयांच्या पायांवर कळशीभर पाणी घालायचं आणि पालखीला आपला खांदा द्यायचा. पायांवर पाणी पडलं की पालखी त्या गावाची झाली. मग पुढच्या शिवेपर्यंत ती थांबायची नाही आणि भुईला टेकायचीही नाही. असा तो देव कुणालाही न दमवता घाट उतरून खाली पोचायचा.

ठकूबाईनं देवळातला ढोल गळ्यात अडकवला आणि भंडाऱ्याची पिशवी कमरेला खोचली. बाईनं ढोलाला हात लावायचा नाही असाही एक नियम होता. त्या दिवशी तो कुणाला आठवला नाही, किंवा आठवला असला तरी बोलून दाखवायची कुणाची छाती झाली नाही. तिनं बायांना हाताशी धरलं, जाडजूड बांबूला घोंगडी बांधली, तिच्यात यमनाला निजवलं आणि वरून मूठ मूठ भंडारा उधळला. पोर नखशिखांत पिवळी झाली. मग ठकूबाई गड्यांपुढे उभी राहिली. कितीतरी वर्षांनी ती चारचौघांत बोलत होती.

"जित्याला पाठ म्हणता न्हवं?" ती म्हणाली. "माझ्या भागूला आपुन समद्यांनी पाठच दावली. आज पालखी काढलीया म्या. देवळात दगडात देव हाय म्हून खांदा देता. हिच्या पोटात कोण हाय त्ये सांगा, आन् मग न्हाई म्हणा."

यमना घोंगडीत कण्हत होती. बमू कारभारी खाली बघत उभा होता. मग त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याची घडी केली, ती खांद्यावर ठेवली आणि तो बांबूखाली वाकला. मागोमाग तिघे आले.

ढोल वाजला आणि डोली निघाली. ठकूबाई भंडारा उधळत पुढे चालली, तो भंडारा धुक्यात मिसळला, आणि साऱ्या घाटाचं धुकं पिवळं होऊन उजळलं, असं म्हणतात. एका वळणावर वाघ वाटेत आडवा पसरला होता. त्यानं ढोल ऐकला, डोली पाहिली आणि तो शहाण्या पाहुण्यासारखा बाजूला सरून बसला. वाघानं असं करावं का? करू नये. पण तो केवळ वाघ होता, कारभारी नव्हता. त्याला समजायला वेळ लागला नाही.

खाली आडवाडीला ढोल ऐकू गेला. देव यंदा अवेळी निघाला म्हणून गावाची धांदल उडाली. बाया चुलीवरचं टाकून धावल्या. एका म्हातारीनं कळशी भरली आणि शिव गाठली. धुक्यातून पिवळी डोली आली, चार जोड पाय दिसले, म्हातारीनं भक्तिभावानं त्यांच्यावर पाणी घातलं आणि मग मान वर केली. बघते तर आत बिरोबा नाही, कळा देणारी बाई.

चूक झाली खरी. गडी मागे सरले, कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, हे तर देवाच्या नावावर खांदा काढणं झालं. इकडे बमूचा श्वास फुलला होता आणि ठकूबाई ढोल वाजवायची थांबत नव्हती. थांबली असती तर सगळंच थांबलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

म्हातारीनं रिकाम्या कळशीत पाहिलं. "पाणी घातलंय म्या," ती म्हणाली. "आता ही आपली हाय. उचला."

आडवाडीनं खांदा दिला. पुढे कातळगावच्या शिवेवर हाच घोळ झाला, तिथंही पाणी आधी पडलं आणि डोळे मागून उघडले. कातळगावानं खांदा दिला. मग आला ओढा. पावसाचं पाणी छातीपर्यंत चढलं होतं. गडी खांद्याला खांदा लावून, हात वर करून प्रवाहात उभे राहिले आणि डोली त्यांच्या डोक्यांवरून सरकत गेली. ठकूबाईनं उरलासुरला भंडारा पाण्यावर टाकला आणि ओढा घोट्याएवढा झाला, असं म्हणतात. कातळगावचे लोक जरा वेगळं सांगतात. पाणी होतं तेवढंच होतं म्हणे, गडीच त्या दिवशी उंच झाले होते.

साळवण्याच्या दवाखान्यात वर्टी नावाचे डॉक्टर होते. तरुण माणूस, मोठ्या उमेदीनं आलेला. पण घाटावरून रोगी येईनात, खाटा रिकाम्या राहू लागल्या, आणि दवाखाना उठवायचं वरून ठरलं होतं. डॉक्टरांनी ट्रंक भरून दोरीनं आवळून पडवीत आणून ठेवली होती. ढोल ऐकून त्यांनाही वाटलं, पालखी आली, जाता जाता देवदर्शन तरी होईल. ते नारळ घेऊन बाहेर आले, आणि डोलीत डोकावल्याबरोबर नारळ तिथंच टाकून हात धुवायला धावले.

दार बंद झालं. तीन गावचे गडी अंगणात उभे राहिले. पडवीत ठकूबाई बसली, ढोल मांडीवर, आणि ढोलावर तळवा टेकलेला. आपण देवाचं नाव वापरलं, ते चुकलं की बरोबर केलं, हा विचार तिच्या मनाला तेव्हा पहिल्यांदा शिवला. चुकलं असेल तर माझ्या पदरात घाल, पोरीच्या नको, एवढंच ती मनात म्हणत राहिली. डॉक्टरांनी मूल हातानं वळवून घेतलं. आणि आतून रडणं ऐकू आलं तेव्हा ढोल आपोआप घुमला, असं म्हणतात. मुलगी झाली होती. यमना शुद्धीवर होती आणि प्यायला पाणी मागत होती.

डॉक्टर बाहेर आले. सगळे बघत राहिले, आता ठकूबाई काय बोलते. ठकूबाईनं डोळे पुसले, वर पाहिलं आणि म्हणाली,

"छप्पर गळतंया तुमचं. बाळंतिणीच्या अंगावर पाणी पडंल. एवढं शिकून गवत शाकारता येत न्हाई?"

तिची जीभ परत आली होती. आधी बमू हसला, मग सगळं अंगण हसलं, आणि ज्यांना बोलणी बसली ते डॉक्टर सर्वांत जास्त हसले.

मग बमूची नजर ट्रंकेवर गेली. कुठं निघालात, असं त्यानं विचारलं. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. माणसंच येत नाहीत, तर दवाखाना कुणासाठी ठेवायचा?

"यायचं मन व्हतं, सायेब," बमू म्हणाला. "खांदा न्हवता."

एवढं बोलून त्यानं ट्रंकेची दोरी सोडली आणि त्याच दोरीनं डोलीची सैल झालेली घोंगडी घट्ट बांधली. डॉक्टर राहिले. त्यानंतर घाटावरून डोल्या येऊ लागल्या, इतक्या की दोन खाटा पुरेनात, आणि दवाखाना उठवायला निघालेल्यांनाच पुढे नर्सबाई आणि आणखी खाटा पाठवाव्या लागल्या. छप्पर मात्र सरकारची वाट बघत बसलं नाही. ते माथ्याच्या आणि खालच्या गावांनी मिळून शाकारलं, आणि ठकूबाई खाली उभी राहून चुका काढत होती.

यमना बरी झाल्यावर मुलीला पोटाशी धरून आपल्या पायांनी घाट चढली. शिवेशिवेवर बायांनी तिची ओटी भरली. खांद्यावर गेलेलं माणूस घरी परतत नाही, ही म्हण त्या दिवशी घाटातच मेली, आणि तिला खांदा द्यायला कुणी गेलं नाही. मुलीचं नाव ठेवलं पालखूबाई.

ठकूबाई पुष्कळ जगली आणि भांडत भांडत सुखानं गेली. तिच्या तिरडीला खांदा द्यायला सगळी गावं लोटली. पण तिला ओढ्याकडे नेताना घाटाच्या मध्यावर पोचतात तोच वरून हाळी आली. गुराखी पोराला साप चावला होता, डोली काढायची होती, आणि धडधाकट गडी तर सगळे इथं. चौघे एकमेकांकडे बघू लागले. तिरडी मधेच टाकावी कशी? तेव्हा म्हातारा झालेला बमू म्हणाला, "ठेवा वैनीला हितं. तिला घाई न्हाई."

त्यांनी ठकूबाईला वाटेवरच्या उंबराखाली ठेवलं आणि ते डोलीला धावले. बमू तिच्यापाशी बसून राहिला. पोरगं वाचलं, गडी परतले, तोवर दिवस कलला होता. ठकूबाई तशीच शांत वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, असं म्हणतात.

त्या उंबराला आज ठकूबाईचा थांबा म्हणतात. डांबरी रस्ता खालून तिथवर आला आहे आणि रुग्णवाहिका तिथंच उभी असते. वरून निरोप आला की तिथवर डोली येते, शिवेशिवेवर खांदा बदलत. कुणाची जात विचारत नाहीत की कुणाचं भांडण आठवत नाहीत. दवाखाना आता पक्का झाला आहे. तरी श्रावणात सगळी गावं एक दिवस तिथं राबतात, कौलं फिरवतात, भिंती सारवल्यागत रंगवतात, आणि त्या दिवशी डॉक्टरांच्या चुका काढायचा मान माथ्यावरच्या बायांचा असतो.

आणि बिरोबाची पालखी अजून निघते. पण आता देव मागे असतो. त्याच्या पुढे भंडाऱ्यानं पिवळी केलेली, घोंगडीची एक डोली चालते. तिच्यात कुणी नसतं. तरी शिवेवर पाणी आधी तिच्या भोयांच्या पायांवर घालतात, मग देवाच्या. आणि पाणी घालताना प्रत्येक गावची म्हातारी तेच मागणं मागते.

"ठकूबाय, यंदा रिकामीच जाऊ दे. भरली, तर आमी हाये."