आनमारीची माळ

चूक पास्कूची होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण खारबांद्याला येणाऱ्या पाहुण्यांना गावातले म्हातारे हे कधीच सांगत नाहीत. डुकराच्या आतड्यात मिरची-शिरक्यात मुरवलेलं मांस ठासून भरायचं, त्याच्या माळा वाळवायच्या. बाकीचा किनारा त्याला 'चोरीस' म्हणतो, हे एकच गाव 'आनमारी' म्हणतं. का, असं विचारलं की म्हातारे डोळे मिटतात आणि एका पुण्यवान पोरीची गोष्ट लावतात. तिने म्हणे आपणहून उपास धरला, गावावरची साथ अंगावर घेतली आणि देवाघरी गेली. सोयीचं आहे. पोरीच्या गळ्यात नवस बांधला की बापाचं नाव घ्यावं लागत नाही.

आनमारी ही पास्कूची मुलगी. पास्कूकडे धुरीच्या खोपीची किल्ली असे. पावसाळ्याची बेगमी म्हणून साऱ्या गावाच्या माळा त्या एका खोपीत धुरावर टांगत, आणि इस्टरआधीच्या चाळीस उपासांत खोपीला कुलूप. त्या किल्लीवरच पास्कू मोठा झाला होता. आदल्या वर्षी कार्मेलबाय नावाच्या विधवेने उपासात एक तुकडा भाजला, तर त्याने तिला अख्खा रविवार चर्चच्या दारात गुडघ्यांवर बसवलं. साऱ्या गावाने माना डोलावल्या.

मग ऐन उपासांत तापाची साथ आली. आनमारीचा ताप उतरला, पण अंगात काही उरलं नाही. पेज पोटात टिकेना. असं सांगतात की पाद्री स्वतः घरी आला. आजाऱ्याला उपास नसतो, पोरीला मांसाचा रस्सा पाजा, असं बजावून गेला. आईने चूलही पेटवली. पास्कू किल्ली कमरेला लावून ओसरीवर बसून राहिला. कोंबडीसुद्धा कापू दिली नाही.

पाद्र्यापेक्षा हा शहाणा का, ते त्याने पोरीलाच सांगितलं.

"गेल्या वर्साक मी कार्मेलबायक गुडघ्यार बसयलंय. आता माझ्या घरात शिजला तर लोक माका काय म्हणतले? उपासाचे सहाच दिवस रवले."

"लोक काय म्हणतले ता आयकाक मी रवूचंय नाय, बाबा," ती म्हणाली.

त्याला ती हट्टी वाटली.

इस्टरची पहिली घंटा झाली तसा पास्कू धावत खोपीकडे गेला. सगळ्यात लांब माळ उतरवली, स्वतःच्या हाताने रस्सा केला, फुंकर घालत वाटी खाटेशी नेली. पोरगी पहाटेच गेली होती. बायकोने त्याला सांगितलं नव्हतं. रस्सा होऊ दिला होता.

उरलेली माळ तिने उचलली आणि घरोघर हिंडली. एकेक गाठ तोडून माना डोलावणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "घे, ही आनमारी. आता खावक चलता."

कोणी नको म्हटलं नाही. चाळीस दिवसांची भूक होती. खाल्ली, आणि तेव्हापासून तेच नाव पडलं.

आजही खारबांद्यात उपासाच्या दिवसांत कोणी आजारी पडलं तर शेजारी न विचारता त्याच्या दारी माळ नेऊन ठेवतात. म्हातारे याला पोरीची पुण्याई म्हणतात.

पास्कू त्यानंतर एकवीस वर्षं जगला. बायको त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. मुलगी त्याला एकच होती.