लावीची अंडी आणि हुप्प्याचा अबोला

एका सागवनाच्या कडेला, दाट गवतात, एक लावी राहत असे. मुलांनो, लावी हा पक्षी उडतो कमी आणि धावतो जास्त. त्या वर्षी तिच्या घरट्यात चार अंडी होती, आणि ती सोडून ती फारशी कुठे जात नसे.

त्या वनात पहारा चोख होता, पण ज्याचा त्याचा वेगळा. वानरांचा म्होरक्या हुप्प्या उंच सागावरून टेहळणी करी आणि संकट दिसले की फक्त आपल्या टोळीला खूण करी. पूर्वी तो सगळ्यांना हाक देत असे. पण एकदा त्याने धुळीलाच धूर समजून आरोळी ठोकली, तेव्हा रानडुकरे आठवडाभर त्याला हसली. तेव्हापासून स्वारी जी रुसली ती रुसलीच.

चैत्रातल्या एका दुपारी जळका वास आला. वानरे गुपचूप निघाली, हुप्प्या तेवढा अजून सागावर होता. वणव्याच्या वाटेतले गवत उकरून माती उघडी करावी ती रानडुकरांनीच, पण गवतात त्यांना पुढचे काही दिसेना. त्यांनी अंदाजाने नदीच्या बाजूला उकरायला घेतले. लावी धावत सागाखाली आली.

"हुप्पेदादा, आग कुठून येतेय?"

"आमची बातमी आमच्या टोळीपुरती. मागे सांगितली तर दात काढले त्यांनी."

"तुम्हाला दिसते, पण उकरता येत नाही. त्यांना उकरता येते, पण दिसत नाही. मला दोन्ही येत नाही, म्हणून तर अंडी सोडून तुमच्या दारात उभी आहे."

हुप्प्या ओशाळला. मग शेंड्यावर चढून त्याने हाक दिली, "टेकडीकडून येतेय, ओढ्याच्या अलीकडे उकरा."

"या खेपेलाही धूळच ना?" म्हातारे रानडुक्कर गुरगुरले.

"धूळ निघाली तर मला हसा," लावी म्हणाली, "पण आधी उकरा."

हुप्प्या वरून दिशा सांगत राहिला, लावी पुढे धावत राहिली आणि डुकरे उकरत राहिली. वणवा आला, उघड्या मातीशी थबकला आणि विझला. घरटे तिथून चार हातांवर होते.

पुढे एकदा हुप्प्याची हाक पुन्हा फसली. डुकरांनी दमेस्तोवर माती उकरली आणि निघाली नुसती धूळ. पण कोणीही हसले नाही. लावीची चार पिल्ले त्या भुसभुशीत मातीत मनसोक्त लोळली.

तात्पर्य : संकटाची बातमी आपल्यापुरती ठेवू नये, आणि ती कधी खोटी ठरली तरी सांगणाऱ्याला हसू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.