नावे गिळणारा शंख

एका राज्यात, समुद्राच्या ऐन काठी, रणकेतू नावाचा राजा नांदत होता. शेते पिकत होती, बंदरात गलबतांची दाटी होती, पण राजाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तो म्हणे, "सूर्य उगवतो तिथवर माझे नाव पोचले पाहिजे."

त्याच्या पदरी सिंधुपाल नावाचा सारंग, गलबतांचा म्होरक्या, होता. वारा हुंगून वाट सांगे, पाण्याचा रंग पाहून खोली सांगे. राजाने त्याला गलबते दिली, माणसे दिली, आणि सोबत कालदंड नावाचा मांत्रिक दिला. मांत्रिकाच्या झोळीत एक काळा शंख होता.

गलबते निघाली. निळे पाणी सरले, काळे लागले. काळे सरले, हिरवे लागले. उडते मासे शिडांवर विसावून पुढे गेले. मग एका सकाळी हुयाली बेट दिसले.

बेटावरचे लोक कमरेइतक्या पाण्यात उतरून सामोरे आले. त्यांनी खलाशांना गोडे पाणी दिले, भाजलेले मासे दिले. त्यांच्यात ताव्वे नावाची वृद्धा वडीलधारी होती. तिच्या खांद्यावर पांढरी कुररी, एक समुद्रपक्षीण, बसलेली असे. त्या बेटावरच्या पक्ष्यांना साऱ्या भाषा येत, म्हणून कुररीने एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगितले.

सिंधुपाल म्हणाला, "बाई, हे बेट आजपासून राजा रणकेतूचे."

ताव्वेने विचारले, "तो इथे कधी आला होता?"

"आला नाही."

"त्याचे कुणी इथे पुरले आहे?"

"नाही."

"मग त्याचे कसे?"

"आम्ही त्याचे नाव देतो, म्हणून."

ताव्वे हसली. तिला ती थट्टा वाटली.

हुयालीचे लोक रोज पहाटे डोंगराला, खाडीला, झऱ्याला नावाने हाक मारीत. हाक ऐकली की झरा वाहू लागे, खाडीत मासे येत. सिंधुपालाने डोंगरावर दगडी खांब रोवला आणि त्याला रणकेतुगिरी म्हटले. दुसरा खांब खाडीपाशी रोवला, तिसरा झऱ्यापाशी. खांब उभा राहिला की कालदंड शंख तोंडाशी धरी आणि त्या जागेचे जुने नाव आत ओढून घेई. मग त्याने शंखाचे तोंड लाखेने बंद केले.

दुसऱ्या पहाटे लोकांनी हाक मारायला तोंडे उघडली. नाव आले नाही. झरा आटला.

गलबतांचे नांगर उचलले जात असता ताव्वे किनाऱ्यावर उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली, "सारंगा, नावांना घर लागते. आमची नावे तू तुझ्या देशी नेतोस. तिथे ती घर मागतील. तेव्हा कुणाकुणाला बाहेर पडावे लागेल, ते पाहशील."

राजाने नगारे वाजवून त्यांचे स्वागत केले. शंख खजिन्यात ठेवला गेला.

मग शाप लागला. आधी राजधानीच्या नदीचे नाव लोकांच्या जिभेवरून गेले. मग गल्ल्यांची गेली, मग माणसांची. ज्याचे नाव जाई तो बोलेनासा होई, समुद्राकडे तोंड करून बसे, आणि एके दिवशी उठून पाण्यात चालू लागे.

सिंधुपालाचे सुकाणू धरणारा सोबती, ज्याच्यासह त्याने उभा जन्म पाण्यावर काढला होता, भर दुपारी लाटांत शिरला. सिंधुपाल धावला. हाक मारायला तोंड उघडले. नाव आले नाही. 'अरे' म्हटले, 'गड्या' म्हटले. सोबती वळला नाही. पाणी त्याच्या डोक्यावरून गेले.

सिंधुपाल वाळूत बसून राहिला. तेवढ्यात कुररी त्याच्यापुढे उतरली. ती इतकी दमली होती की तिचे पंख जमिनीला टेकले होते.

सिंधुपालाने विचारले, "उपाय आहे का?"

कुररी म्हणाली, "शंख जिथून भरला तिथेच रिता होईल. पुढचे ताव्वे सांगेल."

सिंधुपाल दरबारात गेला. "महाराज, शंख द्या. मी तो परत नेतो."

कालदंड पुढे आला. "महाराज, शंख गेला की बेट गेले. सूर्य उगवतो तिथून आपले नाव पुसले जाईल."

 सिंहासनाजवळ राजाची एकुलती एक कन्या उभी होती. तिचे केस ओले होते. दासींनी सकाळीच तिला लाटांतून ओढून काढले होते. राजाने तिच्याकडे पाहिले. ओठ हलले, शब्द उमटला नाही. "मुली," तो शेवटी म्हणाला. ती खिडकीबाहेर समुद्रच पाहत राहिली.

राजा उठला, स्वतः खजिन्यात गेला आणि शंख सिंधुपालाच्या हातावर ठेवून म्हणाला, "जा. वारा तुला अनुकूल असो."

हुयालीला या खेपेस कुणी सामोरे आले नाही. सिंधुपाल ताव्वेपुढे गुडघे टेकून म्हणाला, "माते, दंड सांग."

"तीन कामे आहेत," ताव्वे म्हणाली. "पहिले. तू रोवलेस ते तू उपट."

त्याने एकट्याने खांब उपटले. बोटे फुटली, पाठ मोडायला आली. खलाशांना त्याने हात लावू दिला नाही.

"दुसरे. झरा आटला आहे. डोंगरापलीकडच्या तळ्यातून गावाला पाणी आण, आणि पाणी देताना लोक जे सांगतील ते ऐक."

तो पाणी वाहू लागला. ऋतू पालटला तरी वाहतच होता. लोक आधी बोलत नसत, मग बोलू लागले. कोणी सांगे, या खडकावर माझा बाप मला पोहायला शिकवी. कोणी सांगे, त्या झाडाखाली माझे लेकरू झोपले ते उठले नाही. सिंधुपाल ऐके. रिकामी म्हणून त्याने ज्या भूमीवर पाय ठेवला होता, तिथे पाऊल टाकायला त्याला आता जागा सापडेना.

"तिसरे," ताव्वे म्हणाली. "शंख उघड. पण तो रिता राहत नाही. सगळी नावे सोडायची तर एक ठेवून घेतो."

सिंधुपालाने विचारले, "कुणाचेही?"

"देणाऱ्याचे स्वतःचे."

 आईने पाळण्यात ठेवलेले नाव होते ते. खलाशी वादळातही त्याच नावाने धीर धरीत. मग त्याने लाख फोडली, शंख ओठांशी नेला आणि आपले नाव आत सांगितले. ते सांगून होताच तो ते विसरला; पण आपणहून दिले होते, म्हणून समुद्राने त्याला ओढले नाही.

शंखातून नावे मधमाश्यांसारखी घोंघावत बाहेर पडली. ताव्वेने डोंगराला हाक मारली, लेकीसुनांनी खाडीला मारली. सारंग खाली मान घालून उभा राहिला; ती नावे उच्चारायचा हक्क त्याचा नव्हता. मग पोराबाळांनी झऱ्याला हाक मारली, आणि दगडांतून पाणी आले. ताव्वेने शंख खोल समुद्रात सोडून दिला.

त्याच घटकेला इकडे राजा रणकेतू ओरडला, "मधुलिके!" राजकन्या वळली. गल्लोगल्ली लोक एकमेकांना हाका मारीत रडू लागले. कालदंडाचे मंत्र त्याच्या मुखातून गळून पडले आणि तो साधा म्हातारा होऊन वेशीबाहेर निघून गेला. पाण्यात बुडाले ते मात्र परत आले नाहीत. त्यांची नावे तेवढी घरी आली.

सारंग परतला. राजाने विचारले, "काय मागतोस?"

"महाराज, आपले कोणतेही गलबत बोलावल्यावाचून कुठल्या किनाऱ्याला लागू नये."

"तसे होईल," राजा म्हणाला, आणि तसे झाले.

पुढे एका वर्षी बंदराबाहेर एक लहानशी होडी येऊन थांबली. तीत ताव्वे होती, तिच्या खांद्यावर कुररी होती. पुढे आली नाही, मागे गेली नाही. लाटांवर वाट पाहत राहिली. राजाला वर्दी गेली. प्रधान म्हणाले पालखी पाठवू, सेनापती म्हणाला पहारा पाठवू. राजाने मुकुट उतरवून ठेवला आणि तो अनवाणी पाण्यात शिरला. कमरेइतक्या पाण्यात होडीपाशी पोचला.

"मी रणकेतू," तो म्हणाला. "आपल्याला काय म्हणून हाक मारू?"

तिने नाव सांगितले. राजाला ते पहिल्यांदा नीट म्हणता आले नाही. तिने पुन्हा सांगितले. त्याने पुन्हा म्हटले, मग आणखी एकदा. बरोबर जमले तेव्हा ताव्वेने होडीचा दोर त्याच्या हाती दिला.

सांगणाऱ्याचे सांगून झाले. ऐकणाऱ्याच्या दारी गोडे पाणी असो.