आवेमाळचा उणा काठ

आवेमाळला आलेला पाहुणा मडकं हातात घेतो, काठावरून बोट फिरवतो आणि मध्येच थबकतो. काठाची चिमूटभर माती एके जागी कमी असते. तो दुसरं उचलतो, तिसरं उचलतो, सगळ्यांची तीच गत. काही जण नाक मुरडतात, काही जण खोट दाखवून भाव पाडायला बघतात. आमचे कुंभार वाद घालत नाहीत, मडकं घेऊन परत जागेवर ठेवतात. अख्ख्या काठाचं मडकं हवं असेल तर बाजारात ढिगानं मिळतं, ते तिकडून घ्यावं. इथे चाकावरून मडकं उतरवताना काठाची एक चिमूट खुडतात, भाजून घेतात आणि पानात घालून उंबऱ्याशी ठेवतात. ती कुणासाठी, हे कळायला रवळूची हकीकत ऐकावी लागते. हकीकत चांगली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

हा रवळू फार मागच्या काळातला. माळावर तेव्हा कुंभारांची मोजकी घरं होती, आणि खोताच्या शब्दाबाहेर पान हलत नव्हतं, असं सांगतात. रवळूचा हात असा होता म्हणे, की त्याच्या मडक्यावर टिचकी मारली तर घंटा वाजल्यागत नाद यायचा. माणूस वाईट नव्हता. कामापुढे त्याला दुसरं काही दिसत नसे, एवढंच. घरात त्याची आई आवडाय आणि बायको येसू. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर येसूला दिवस गेले, तेव्हा आवडायने ग्रामदेवतेला साडी नेसवली आणि वाडीभर गूळ वाटला.

तो गूळ येसूच्या तोंडात मात्र गेला नाही. म्हणजे गेला, आणि लगेच बाहेर आला. तिच्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे. चुलीवर भात रटरटू लागला की ती पदर नाकाला लावून परसात पळायची. जिच्यावर तिचा जीव, ती बांगड्याची आमटी समोर आली की तिला भडभडून यायचं. आवडायने आपल्या परीने सगळं केलं. आमसुलं दिली, चिंच दिली, मिठातल्या कैऱ्या शेजारून मागून आणल्या. येसू सासूचं मन राखायला घास घ्यायची आणि तो गालात धरून बसून राहायची.

"भात राखेसारो लागता," एकदा ती म्हणाली. "गूळसुद्धा राखेसारो."

"सगळ्यांक डोहाळे लागतत," आवडाय म्हणाली. "आमका काय लागले नाय? तोंड आवरूक होया."

त्या दिवसापासून येसूने तोंड आवरलं. जेवणाबद्दल ती पुन्हा चकार शब्द बोलली नाही. पण पोटात जीव वाढत होता आणि त्याला काहीतरी हवं होतं. पडवीत फळ्यांवर कच्ची मडकी वाळत ठेवलेली असत. त्या मातीचा वास आला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. तिने एका काठाचा कपचा मोडून जिभेवर ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव निवला. मग तिला राहवेना. जाता येता ती काठ मोडू लागली. ओटीत कपचे लपवायची, दळताना एखादा तोंडात टाकायची.

नेमकी त्याच सुमारास खोताच्या मुलीच्या लग्नाची मडकी रवळूकडे सांगितली होती. मांडवात रचायची मडकी, त्यांत खोट चालत नाही. पहिली गाडी भरून गेली आणि तशीच परत आली. खोताच्या कारभाऱ्याने एका काठाला बोट लावलं होतं. फुटक्या तोंडाची मडकी मांडवात लावून मुलीचा संसार फोडायचा आहे काय, असं त्याने चारचौघांत विचारलं. रवळूची मान जी खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही. येसूने घाईत तो काठ मोडला होता आणि मडकी भाजायला आव्यात जायच्या आधी ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

घरी येऊन त्याने फळ्या पाहिल्या. मोडलेले काठ पाहिले. येसूच्या ओठांच्या कडेला माती सुकलेली होती.

"परत मडक्यांक हात लावलंस तर बघ," एवढंच तो बोलला. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी आणखी काठ मोडलेले. त्याने ओरडून पाहिलं, आईला राखणीला बसवलं, फळ्या उंच टांगल्या. येसू रडायची, पाया पडायची, आणि पाठ वळली की तिचा हात काठाकडे जायचाच. का खातेस हे त्याने तिला हज्जारदा विचारलं. तुझ्या तोंडाला काय लागतं, हे मात्र एकदाही विचारलं नाही. तसं विचारायचं असतं, हे तरी कुणाला ठाऊक होतं?

उपाय आवडायने सांगितला. तीही वाईट बाई नव्हती. माती खाऊन सुनेच्या पोटात जंत होतील, नातवंड अशक्त निपजेल, ही तिला धास्ती. "वासराचा तोंड तोडूचा असला तर गायीच्या सडांक कडू लावतत ना?" ती म्हणाली. "तसाच."

माळाच्या उताराला काजऱ्याची झाडं होती. फळ दिसायला नारिंगासारखं गोजिरं आणि आतलं बी जहर. कुंभार त्या बियांचा काढा करून फळ्यांना फासत, म्हणजे लाकडाला वाळवी लागत नसे. बी विषारी आहे हे रवळूला चांगलं माहीत होतं. पण ते इतकं कडू, की चुकून बोटाला लागलेलं जिभेवर गेलं तर माणूस दिवसभर थुंकत राहतो. दुसरा घास घेणं शक्यच नाही, मग विष पोटात जायचं कसं? तरी खात्री म्हणून त्याने काढ्यात बोट बुडवून चाटलं. त्याला कोरडी ओकारी आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बरंही वाटलं. एकदा तिची जीभ पोळली की ती पुन्हा पडवीकडे फिरकणार नाही. काठाला लावलेलं आव्यात जळून जाईल, मडकीही वाचतील. त्याने कुंचल्याने एकेक काठ रंगवावा तसा काढा लावला. येसूला सांगितलं नाही. सांगितलं तर अद्दल कशी घडणार?

सकाळी तो आव्यासाठी लाकडं आणायला रानात गेला. दुपारी भारा टाकून पडवीत आला तेव्हा पहिल्या मडक्याचा काठ मोडलेला दिसला. तो मनात म्हणाला, बरं झालं, कळलं असेल. मग त्याची नजर पुढच्या मडक्यावर गेली. मग त्याच्या पुढच्या. फळीभर एकही काठ धड नव्हता.

येसू परसात जात्याशी बसली होती. चेहरा शांत होता. तिने त्याला पाहून पदराने तोंड पुसलं आणि ओरडा खायच्या तयारीने खाली बघितलं. तिचे हात बारीक थरथरू लागले होते, पण ते भीतीने असावं असंच कुणालाही वाटलं असतं.

"येसू," तो म्हणाला, "कडू नाय लागला?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कडू? नाय," ती म्हणाली. "गोड लागला. कितक्या दिसांनी कायतरी गोड लागला."

मग तिची मान ताठ झाली. पुढचं आमच्याकडे कुणी खुलवून सांगत नाही, मीही सांगणार नाही. वाडीतली माणसं धावली, कुणी तूप आणलं, कुणी वैद्याकडे पळालं. तिचे दात असे मिटले होते की तुपाचा थेंब आत गेला नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली आणि तिच्या पोटातलं बाळही गेलं. आवडाय देवळाच्या पायरीवर डोकं आपटत राहिली. रवळू रडला नाही. तो एकच वाक्य बोलत होता म्हणे, की मी चाखून बघितलं होतं, मी चाखून बघितलं होतं.

खोताला मडकी दुसऱ्याने दिली. रवळूने कुऱ्हाड घेतली आणि माळावरचा काजरा मुळापासून तोडून काढला. नंतर कधीतरी तो पुन्हा चाकावर बसला. तेव्हापासून त्याच्या हातचं प्रत्येक मडकं उण्या काठाचं. खुडलेली चिमूट तो भाजायचा आणि उंबऱ्याशी ठेवायचा. कुणा गर्भारणीने ती नेली तर मान वर करून बघायचाही नाही. अशी मडकी कोण घेणार? बरीच वर्षं कुणी घेतली नाहीत. स्वतःच्या जेवणात मीठ आहे की नाही हे तो कधी सांगत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायचा, माझ्या जिभेचं काही खरं नाही.

पण एक खूळ त्याला लागलं. वाडीत कुणी पोटुशी आहे असं कळलं की हा सकाळी तिच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "आज तोंडाक कसा लागता गो?" पोरी लाजायच्या, दीर-नवरे हुसकून द्यायचे. तो जायचा नाही. ती काहीतरी सांगेपर्यंत उन्हात उभा राहायचा आणि ऐकून झालं की मुकाट्याने निघून जायचा. हळूहळू घरच्यांनाच शरम वाटू लागली. परक्या म्हाताऱ्याने येऊन विचारावं, त्यापेक्षा आपणच विचारलेलं काय वाईट? रवळू मरेपर्यंत घराघरांत तशी रीत पडून गेली होती, आणि माळावरचे बाकीचे कुंभारही काठाची चिमूट खुडू लागले होते.

हल्ली सरकारी दवाखान्यातली नर्सबाई येते, माती खाऊ नका म्हणून बायांना दटावते, लोहाच्या गोळ्या देते. तिचं बरोबरच आहे. बाया गोळ्या घेतात. उंबऱ्याशी ठेवलेली चिमूट आता बहुतेक जणी नुसती हुंगतात आणि परत ठेवतात.

विचारायचं मात्र कुणी सोडलेलं नाही. आजही आवेमाळच्या घरात सून गर्भार असली की सकाळी नवऱ्याने चुलीशी बसून आधी तेच विचारायचं, "आज तोंडाक कसा लागता?" ती सांगेल ते खरं. भात कडू म्हणाली तर भात कडू, त्यावर कुणी आपली जीभ लावून बघायची नाही. तिने सांगितल्याशिवाय आधण ठेवत नाहीत. आणि एखादी बरेच दिवस उपाशीपोटी काढून शेवटी हसून म्हणते, की आज गोड लागतंय. इतर गावांत अशा वेळी घर आनंदाने बोलू लागतं. आमच्याकडे सगळे गप्प होतात, आणि काय गोड लागलं ते तिच्या हातातून काढून बघितल्याशिवाय कुणाच्या जिवात जीव येत नाही.