झिपरी खारीची होडी

खाडीकाठची जनावरं स्वतःच्या होड्या वल्हवत असत, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. झिपरी खारीच्या होडीला तळाशी भोक पडलं. पलीकडच्या काठावर जांभळं पिकली होती आणि घरी पिल्लं भुकेली होती.

खेकडा होड्या दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "हातात आधीची कामं आहेत. पौर्णिमेशिवाय मिळणार नाही."

"तोवर जांभळं सरतील की!" झिपरी चिडली आणि होडी घेऊन पाणकावळ्याकडे गेली. तोही हेच काम करायचा.

"उद्या घेऊन जा, ताई," तो हसून म्हणाला. झिपरीला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी राळ वाळायची होती. मग फळी मिळत नव्हती. मग त्याचा पंख दुखत होता. झिपरी रोज आशेने जायची आणि रिकाम्या हाताने परतून पिल्लांची समजूत घालायची. पौर्णिमा उलटली, जांभळं गळून गेली. शेवटी तिने स्वतःच होडी उलटी करून पाहिली. भोक जसंच्या तसं होतं.

"हातसुद्धा लावला नाहीस?"

पाणकावळ्याने मान खाली घातली. "तू एवढ्या काकुळतीने आलीस. नाही म्हणवेना गं."

"नाही म्हणाला असतास, तर मी त्याच दिवशी पिल्लांना घेऊन डोंगरावर उंबरं खायला गेले असते."

ती होडी ओढत खेकड्याकडे आली. "अमावस्येला मिळेल," तो म्हणाला. झिपरीला तेही लांबच वाटलं. पण होडी तिथे ठेवून ती घरी गेली आणि पिल्लांना घेऊन डोंगराच्या वाटेला लागली.