मधली जागा

"मला मधी का खेळवलंसा, वस्ताद?"

हंबीरनं पाया पडायच्या आधीच विचारलं. एवढी वर्षं पोटात दाबून ठेवलेला प्रश्न आता पाया पडेपर्यंतही थांबायला तयार नव्हता.

मुजावर वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून लाल मातीतले खडे वेचत होते. कोल्हापुरातल्या बऱ्याच तालमींसारखीच ही चाफा तालीम. आत कुस्तीचा आखाडा, बाहेर फुटबॉलची टीम, आणि एके काळी दोन्हींचा वस्ताद एकच. आता कुस्तीला कोणी येत नव्हतं, टीमही दुसऱ्यांच्या हातात गेली होती. वस्ताद मात्र रोज दुपारी येऊन बसायचे. त्या मातीत कुणाची पाठ लागणार नव्हती, तरी खडे वेचायचे.

"बूट काढ," ते म्हणाले.

हंबीरनं बूट काढले. मातीला हात लावून कपाळाला लावला आणि खाली बसला. उजवा गुडघा वाकेना, म्हणून तो पाय लांब सोडला. वस्तादांनी गुडघ्याकडं एकदा पाहिलं.

त्या गुडघ्यानंच त्याला घरी आणलं होतं. गोवा, कलकत्ता, शिलाँग, परत कलकत्ता... सगळी उमेद मधल्या फळीत खर्ची पडली. पेपरात फोटो यायचे ते गोल करणाऱ्यांचे. हंबीर इंगवले खाली बारीक अक्षरांत, अकरा नावांच्या गर्दीत कुठंतरी. या हंगामात क्लबनं करार वाढवला नाही. तेही फोनवर कळवलं, आणि फोन करणाऱ्यानं त्याचं नाव चुकीचं घेतलं.

एवढं सगळं त्यानं गिळलं होतं. कालचं मात्र घशाखाली उतरेना.

काल स्टेडियमवर चाफा तालमीच्या चषकाची फायनल होती. अश्रफ मुजावर स्मृती चषक. अश्रफ म्हणजे वस्तादांचा एकुलता एक मुलगा, हंबीरच्याच वयाचा, तालमीचा पुढचा गडी. गगनबावड्याच्या घाटात मोटारसायकल घसरून तो गेला, तेव्हा हंबीर कलकत्त्यात खेळत होता.

काल माईकवाल्यानं अश्रफचे गोल रंगवून रंगवून सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोलाला बॉल कुणी दिला होता, हे सांगायचं माईकवाल्याला सुचलं नाही. हंबीर तिथंच, मंचावरच्या दुसऱ्या रांगेत बसला होता. मग फोटोग्राफर आला आणि म्हणाला, जरा खुर्ची सरकवता का पाव्हणं, मागचा फोटो झाकला जातोय.

मागं अश्रफचा हार घातलेला फोटो होता.

हंबीरनं खुर्ची सरकवली. पण आतून तो पेटला. गेलेल्या मित्राचा हेवा वाटावा, इतके आपण घसरलो, याची त्याला लाज वाटत होती. आणि लाज वाटूनही हेवा काही कमी होत नव्हता.

"सांगा की, वस्ताद."

"काय सांगू?"

"मी पुढं खेळत हुतो. शाळेत असताना गोल माझंच असायचं. तुम्ही मला मागं वढलंसा आनि अश्रफला पुढं घातलंसा."

वस्तादांनी एक खडा बोटांत धरून पाहिला आणि बाजूला टाकला.

"समदी पेठ बोलायची," हंबीर म्हणाला. "वस्तादानं आपलं पोरगं पुढं केलं, आनि इंगवल्याचं पोरगं त्याच्या चाकरीला ठिवलं. मी कवा कुनाचं ऐकून घेतलं न्हाई. ह्यावरनं दोघांच्या कानाखाली बी वाजवलीया. आज मीच इचारतोय... खरं हुतं काय ते?"

"थोडं खरं हुतं."

हंबीरला वाटलं होतं, म्हातारा चिडेल. चार शिव्या घालेल, अंगावर माती फेकेल. मग आपणही चार शब्द बोलून मोकळे होऊ.

"थोडं म्हंजे?"

"बाप हुतो मी त्याचा. थोडं असनारच की."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवून निघून गेलं.

"मधल्या मानसाकडं कोन बघत न्हाई, वस्ताद. बॉल सुटला की लोकांची मान बॉलबरोबर जाती. गोल झाला की समदी त्याच्या अंगावर. आनि तुम्ही? तुम्ही लाईनीवरनं माझ्यावरच वरडायचासा. 'हंबीऱ्या, जाग्याव ये, मधी मोकळं पडलंय.' पेठ नाचत असायची, आनि मी शिव्या खात मागं पळायचो. एवढ्या वर्सात एकदा तरी शाबास म्हनलासा?"

"न्हाई म्हनलो."

"का न्हाई?"

वस्तादांनी आणखी एक खडा वेचला.

हंबीरला उठून जावंसं वाटलं. पण गुडघ्यामुळं त्याला पटकन उठता येत नव्हतं, आणि अडखळत उठताना वस्तादांनी पाहावं, हे त्याला नको होतं. तो बसून राहिला.

वस्तादांनी हातातले खडे कडेच्या डब्यात टाकले. पुढं सरकले. तळव्यानं समोरची माती पसरली, सारखी केली.

"वेशीतल्या तालमीसंगं फायनल झाल्याली," ते म्हणाले. "आठवतीया?"

"न आठवायला काय झालं?"

"अश्रफचा दुसरा गोल. काढून दाव."

म्हणजे परीक्षा. हंबीर मनातल्या मनात कडवट हसला. लहानपणी मॅच हरली की वस्ताद असंच मातीत काढायला लावायचे. तू कुठं होतास, तो कुठं होता, बॉल कुणी घालवला. पोरं चुकली की पाठीत रट्टा. आज जाब विचारायला आलो, तर म्हाताऱ्यानं मलाच पुन्हा पोर करून बसवलं.

तरी बोट मातीत गेलंच. जुनी सवय.

"हितं मी. बॉल मागनं आला. ह्यो त्यांचा उंच गडी माझ्या पाठीवर. मी आदीच मान वळवून बघितलं हुतं, अश्रफ हितनं सुटनार म्हनून. मी वळलोच न्हाई. हितनंच, ह्यो असा, दोघांच्या मधनं बॉल सोडला."

"त्यो सुटल्यावर?"

"सुटायच्या आदी."

"आदी कसं काय?"

"त्यो सुटायच्या आदी डावा खांदा पाडायचा. जरासाच. घरात शिरताना बुटक्या चौकटीखाली वाकावं तसा. खांदा पडला की मी बॉल सोडायचो. मग त्यो तितं असायचाच."

वस्तादांचं बोट त्या रेघेवर आलं आणि थांबलं.

"डावा खांदा..."

"व्हय. दर वेळंला."

"मग?"

"मग काय. गोलकीपर पुढं आला. अश्रफनं बॉल थांबवलाच न्हाई. चालत्या बॉलवरच घेतला."

"कुठल्या पायानं?"

"डाव्या."

"त्याचा डावा चालायचा?"

हंबीरनं मान वर केली. हे कसलं विचारणं? अश्रफचा डावा पाय अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक होता. भाजीवाल्या बायकांनाही ठाऊक होता.

वस्तादांचा चेहरा परीक्षा घेणाऱ्याचा नव्हता. ते पुढं वाकले होते. तोंड थोडं उघडं राहिलं होतं, ताटात कधी पडतंय याची वाट बघणाऱ्या भुकेल्या माणसासारखं. इतक्या वर्षांत हंबीरनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"चालायचा की," तो हळू आवाजात म्हणाला. "उजव्यापेक्षा बरा."

"गोल झाल्याव काय केलं त्यानं?"

"झाल्याव?"

"व्हय. नाचला? हात वर केलं?"

आठवायला वेळ लागत नव्हता, सांगायलाच जड जात होतं.

"सांग की."

"नाचला न्हाई. नाचायचा न्हाईच त्यो." हंबीरनं मातीतल्या दोन रेघांच्या पलीकडं, लांब कडेला, बोटानं एक ठिपका काढला. "वळायचा, आनि पयला हिकडं बघायचा. लाईनीकडं. तुमच्याकडं. पोरं अंगावर पडायच्या आदी... तेवढंच, जरासं बघायचा."

वस्ताद त्या ठिपक्याकडं बघत राहिले.

"दर वेळंला?"

"दर वेळंला."

हंबीरला भीती वाटली, आपण काहीतरी मोडलं. त्याला स्वतःच्या रागाचा धागा सापडेना. तो चाचरत म्हणाला, "पन तुम्ही तर तितंच हुतासा की, वस्ताद. लाईनीवर. तुम्हाला ठावं नसंल असं त्यात काय हाय?"

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मातीनं भरलेल्या हातानं डोळे चोळू नयेत, हे जन्मभर पोरांना शिकवलेलं, तेच विसरले.

"पोरानं एवढं गोल केलं..." ते म्हणाले. "मी एक बी बघितला न्हाई, हंबीर. बॉल सुटल्याव तू जाग्याव जातोस का न्हाई, तेच बघत ऱ्हायचो. माझी नजर तुझ्यावरनं कवा हाललीच न्हाई."

काल खुर्ची सरकवताना जे आत दाटलं होतं ते आता फुटलं, आणि हंबीर त्या लांब सोडलेल्या पायाकडं बघत, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. कुणासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

वस्तादांनी त्याला रडू दिलं. मग तळव्यानं माती पुन्हा सारखी केली, त्याच्याकडं सरकवली.

"आता पयला काढ."